डाव्या बाजूचं टेबल

नॅव्हिगेटरला बाहेरचं काही दिसत नसे. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लँकेस्टर बॉम्बर विमानात वैमानिकाच्या पाठीमागे, डाव्या अंगाला, एक अरुंद टेबल असतं. त्याभोवती काळा पडदा ओढून घ्यायचा, छोटा दिवा लावायचा आणि नकाशावर पेन्सिलीने रेघा मारत बसायचं. पडद्यापलीकडे रात्र. त्या रात्रीत आजूबाजूला शेकडो विमानं, आणि एकाचाही दिवा लागलेला नाही. खाली शहर जळतंय, शेजारचं विमान पेट घेऊन कोसळतंय, हे त्याला कानातल्या आवाजांवरून समजायचं. त्याने डोकं वर करायचं नाही. वारा किती, वेग किती, दिशा कोणती याचा हिशेब करून दर सहा मिनिटांनी आपण कुठे आहोत हे ठरवायचं, आणि वैमानिकाला पुढची दिशा सांगायची. सात माणसं घरी पोचणार की नाही, हे बऱ्याच अंशी त्या टेबलावर ठरे.

गेल्या ऑगस्टमध्ये मी त्या टेबलापाशी बसलो. विमान हवेत जाणार नव्हतं, फक्त जमिनीवरून धावणार होतं. पण चारही इंजिनं चालू होती आणि मी पुण्याहून नेलेली एक पेन्सिल खिशातून काढून हातात धरली होती.

विमानांचं वेड मला लोहगावने लावलं. वडील हवाई दलात इंजिन फिटर होते. आम्ही पोरं सायकलींवरून तळाच्या कुंपणापर्यंत जायचो आणि कॅनबेरा बॉम्बर उतरताना मोजायचो. किती गेली, किती परत आली, याची वही असे. वडील ती वही पाहायचे आणि एकच प्रश्न विचारायचे, "आत कोण होतं?" मला वैमानिकाचं नाव सांगता यायचं नाही, तर बाकीच्यांचं कुठून सांगणार? ते म्हणायचे, "मग तू पत्रे मोजलेस." हे त्यांनी रागावून कधी म्हटलं नाही. पण वाक्य माझ्यात रुतून बसलं. पुढे मी इंग्लंडच्या त्या जुन्या विमानांवरची पुस्तकं जमवली, इंजिनांचे आकडे पाठ केले, मॉडेलं चिकटवली, आणि दर वेळी तो प्रश्न मागे उभा असायचा. वडील गेले त्याच्या पुढच्या वर्षी मी ठरवलं की एकदा त्या विमानांच्या गावाला जायचं, ते आत कोण होतं हे बघायला.

त्या विमानांचं गाव म्हणजे लिंकनशायर. लंडनहून उत्तरेला रेल्वेने गेलं की पीटरबरोनंतर जमीन सपाट होते, आणि मग सपाटच राहते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बर कमांडने या सपाटीचा फायदा घेतला. एका जिल्ह्यात डझनावारी विमानतळ उभे राहिले, गहू आणि बटाट्याच्या शेतांना चिकटून. समोर उत्तर समुद्र, त्यापलीकडे हॉलंड आणि जर्मनी. इथली माणसं आजही आपल्या जिल्ह्याला 'बॉम्बर काउंटी' म्हणतात. लिंकन शहराच्या मधोमध टेकडी आहे आणि टेकडीवर कॅथीड्रल. पहाटे परतणाऱ्या विमानांना ढगांतून वर आलेले त्याचे मनोरे आधी दिसायचे. मनोरे दिसले म्हणजे घर आलं. पंढरीच्या वाटेवर कळस दिसल्यावर वारकऱ्याचे हात आपोआप जुळतात, तसं काहीसं त्या पोरांचं होत असणार, असं मला स्टेशनबाहेर उभं राहून वर पाहताना वाटलं.

भाची नॉटिंगहॅमला नोकरी करते. ती गाडी घेऊन आली. ईस्ट कर्कबीला रेल्वे जात नाही. लिंकनपासून तासाभराचा रस्ता, बहुतेक शेतांतून. सुगी आटोपत आली होती, कापलेल्या गव्हाची खुटं उन्हात पिवळी दिसत होती. मधेच एखाद्या शेतात काँक्रीटची रुंद पट्टी यायची, भेगांमध्ये गवत, टोकाला कोंबड्यांची शेड. भाचीने विचारलं, "मामा, हा रस्ता कुठे जातो?" मी म्हटलं, "हा रस्ता नाही, धावपट्टी आहे." त्यानंतर तीच मला दाखवत राहिली, ही एक, ती बघ आणखी एक.

ईस्ट कर्कबीच्या तळावरून १९४३ ते १९४५ या काळात ५७ आणि ६३० या दोन स्क्वाड्रनची लँकेस्टर उडत. युद्धानंतर तळ बंद झाला, जमीन शेतीकडे गेली. आज तिथे जे आहे ते पँटन भावांमुळे. फ्रेड आणि हॅरोल्ड पँटन हे जवळपासचेच शेतकरी, कोंबड्यांचा व्यवसाय करणारे. त्यांचा थोरला भाऊ ख्रिस्तोफर हॅलिफॅक्स बॉम्बरवर फ्लाइट इंजिनियर होता. ३० मार्च १९४४ च्या रात्री न्युरेम्बर्गवर जो हल्ला झाला त्यातून तो परतला नाही. वय १९. त्या रात्री ७९५ विमानं निघाली होती, ९५ परत आली नाहीत. आकाश निरभ्र होतं, चंद्र होता, आणि जर्मन शिकारी विमानांना शोधण्याचे कष्टही पडले नाहीत. बॉम्बर कमांडच्या सबंध युद्धातली ती सगळ्यात वाईट रात्र.

भावांनी पुढे या जुन्या तळाची जमीन विकत घेतली. १९८३ मध्ये त्यांनी एक लँकेस्टर विकत घेतलं, क्रमांक एनएक्स ६११, आणि काही वर्षांनी ते इथे आणून उभं केलं. हे विमान एप्रिल १९४५ चं. जपानविरुद्धच्या लढाईसाठी बांधलेलं, पण ती लढाई त्याच्यापर्यंत पोचण्याआधी संपली. मग ते फ्रेंच नौदलाकडे गेलं, पार प्रशांत महासागरातल्या न्यू कॅलेडोनियापर्यंत, आणि १९६५ मध्ये ऑस्ट्रेलियामार्गे इंग्लंडला परतलं. आता त्याच्या नाकावर 'जस्ट जेन' असं नाव आहे. ते पुन्हा उडवता यावं म्हणून हिवाळ्यात त्याचे पत्रे उतरवून दुरुस्तीचं काम चालतं आणि उन्हाळ्यात लोकांना बसवून ते धावपट्टीच्या उरलेल्या तुकड्यावर फिरवतात. त्या पैशांतून दुरुस्ती. नाव कित्येक महिने आधी नोंदवावं लागतं.

सबंध युद्धात आणि त्यानंतर मिळून ७,३७७ लँकेस्टर बांधली गेली. आज उडू शकतात अशी दोन; एक कॅनडात हॅमिल्टनला, एक इथून जवळ, कॉनिंग्जबीच्या हवाई तळावर. भावाच्या आठवणीसाठी कोणी दगड लावतो, कोणी शाळेला देणगी देतो. या दोघांनी तीस मीटर पंखांचं विमान सांभाळलं. मला ते पटतं. भाऊ यंत्रात बसून गेला होता, त्याला शोधायचं तर यंत्रातच शोधायला हवं.

आत शिरायचं दार मागे, उजव्या बाजूला, शेपटीजवळ. बाहेरून विमान एवढं मोठं दिसतं की आत ऐसपैस जागा असेल असं वाटतं. तसं काही नाही. मधली सगळी जागा खाली बॉम्बसाठी गेली, माणसांना वरची बोळकंडी उरली. वाकून चालायचं, कोपरं आखडून घ्यायची. मध्ये पंखांना जोडणारी जाड तुळई आडवी येते, कमरेइतकी उंच, तिच्यावरून चढून पलीकडे उतरायचं. माझ्या अंगावर साधा शर्ट होता आणि दिवस होता. त्या पोरांच्या अंगावर लोकरीचे थर, जाड बूट, तरंगण्याचं जाकीट, पॅराशूटचे पट्टे, आणि रात्र. विमान पेटून फिरकी घेत खाली जात असताना याच तुळईवरून यायचं.

फ्रीमन डायसन हे पुढे मोठे भौतिकशास्त्रज्ञ झाले. तरुणपणी ते बॉम्बर कमांडच्या संशोधन विभागात आकडेमोड करत होते. त्यांना आकड्यांत एक गोष्ट दिसली. पाडलेल्या हॅलिफॅक्समधून सुमारे २५ टक्के माणसं पॅराशूटने वाचत होती, लँकेस्टरमधून १५ टक्के. लँकेस्टरची सुटकेची झडप २२ इंच रुंद, हॅलिफॅक्सची २४. दोन इंच. ती झडप मोठी करावी म्हणून तिथल्या लोकांनी खटपट केली, पण ती वेळेत झाली नाही. लँकेस्टरवर माझं लहानपणापासून प्रेम आहे आणि ते आजही आहे. त्याच्यासारखं ओझं वाहणारं दुसरं विमान त्या आघाडीवर नव्हतं. तरीही नाकातल्या त्या झडपेपाशी गुडघे टेकून मी माझे खांदे मोजले तेव्हा त्या प्रेमात काहीतरी कायमचं बदललं.

माझ्या वाट्याला नॅव्हिगेटरचं टेबल आलं. एकामागून एक चार मर्लिन इंजिनं सुरू झाली. प्रत्येक इंजिन आधी खोकतं, निळसर धुराचा लोट सोडतं आणि मग सुरात येतं. पहिलं सुरात आलं तेव्हा मी ते ऐकत होतो. चौथं आलं तेव्हा ऐकणं संपलं होतं. आवाज पायांतून, मणक्यातून, दातांतून येत होता. विमान हललं. मी वही उघडली आणि पेन्सिलीने एक सरळ रेघ काढायचा प्रयत्न केला. नाही आली. जमिनीवर, दिवसाउजेडी, कुणी गोळी झाडत नसताना, माझ्या रेघेला दात्रे पडले.

याच टेबलावर आठ-आठ तास अचूक रेघा मारल्या जात. 'जी' नावाची रेडिओ यंत्रणा होती, इंग्लंडहून येणाऱ्या लहरींवरून जागा सांगणारी. पण जर्मन ती युरोपवर गोंधळून टाकत, आणि मग उरे ते घड्याळ, होकायंत्र, पेन्सिल आणि वाऱ्याचा अंदाज. वीस हजार फुटांवर वारा एका बाजूने ताशी साठ-सत्तर मैलांनी ढकलत असेल आणि तो हिशेबात चुकला, तर तासाभरात विमान भलत्याच शहराच्या तोफांवर. पाठीमागे वायरलेसवाला बसे. गरम हवेची नळी त्याच्यापाशीच उघडत असल्याने तो घामाघूम. शेपटीतला तोफवाला उणे चाळीस अंशांत. अंधारात नीट दिसावं म्हणून आपल्यासमोरची पारदर्शक काच कापून काढून टाकणारे कितीतरी तोफवाले होते. त्यांच्या नाकासमोर आणि रात्रीच्या मध्ये काहीच नसे.

ही सात माणसं एकत्र कशी येत, ते मला फार आवडतं. सैन्यात सगळं हुकमाने चालतं. इथे मात्र प्रशिक्षण संपलेले वैमानिक, नॅव्हिगेटर, बॉम्ब टाकणारे, वायरलेसवाले, तोफवाले एका हँगरमध्ये सोडून देत आणि सांगत, आपापल्या जोड्या जमवा. कुणी कुणाच्या चेहऱ्याकडे पाहून जायचं, कुणी कुणाची बोली ऐकून. लिंकनशायरच्या शेतकऱ्याचा मुलगा, ऑस्ट्रेलियातला मेंढपाळ, टोरोंटोचा कारकून. फ्लाइट इंजिनियर थोडा नंतर येऊन मिळे. अर्ध्या तासात झालेली ही ओळख पुढे आयुष्याची ठरे, आणि आयुष्य पुष्कळदा काही आठवड्यांचं असे. एका पाळीत तीस मोहिमा. बॉम्बर कमांडच्या विमानांत सुमारे १ लाख २५ हजार जण उडाले, सगळे स्वेच्छेने आलेले. त्यांपैकी ५५,५७३ मेले. निघताना हात हलवणारे जमिनीवरचे फिटर पहाटे रिकाम्या जागेवर उभे राहून वाट पाहत. हे वाचताना मला नेहमी वडील दिसतात, हातात पाना घेऊन आकाशाकडे बघणारे.

इंजिनं बंद झाल्यावर खाली उतरलो तर एक स्वयंसेवक आजोबा पंखाखाली तेल गळतंय का ते पाहत होते. मी त्यांना विचारलं, इथे किती वर्षं येता? ते म्हणाले, "निवृत्त झाल्यापासून, दर आठवड्याला." काय करता? "रिव्हेट मारतो." त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल पाहिली आणि वही मागितली. ती वाकडी रेघ पाहून ते काही बोलले नाहीत, फक्त मान हलवली आणि वही जपून बंद करून परत दिली.

त्याच दिवशी परतताना कॉनिंग्जबीचं कुंपण लागलं. तिथे शिडीवर चढून, लांब भिंगांचे कॅमेरे लावून माणसं उभी होती. वह्या होत्या, त्यांत विमानांचे क्रमांक. मी त्यांच्यात उभा राहिलो तेव्हा लोहगावचंच कुंपण वाटलं. उडणारं लँकेस्टर त्या दिवशी हँगरमध्ये होतं. तेही १९४५ चं, युद्धात न गेलेलं. सुरुवातीची वर्षं त्याने आफ्रिकेचे नकाशे बनवण्यासाठी छायाचित्रं काढली. ते आकाशात गेलं की खाली शेतातले ट्रॅक्टर थांबतात, असं भाचीला चहाच्या दुकानात कुणीतरी सांगितलं. थांबत असतील.

दुसऱ्या दिवशी लिंकनच्या दक्षिणेला, कॅनविक हिलवर गेलो. इथे आंतरराष्ट्रीय बॉम्बर कमांड केंद्र आहे. टेकडीवर एक उंच स्तंभ, गंजलेल्या रंगाच्या पोलादाचा, ३१.०९ मीटर. ही उंची उगाच घेतलेली नाही. लँकेस्टरच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या पंखांची ही लांबी आहे. आदल्या दिवशी जे आडवं पाहिलं होतं ते इथे उभं केलेलं. स्तंभाभोवती वर्तुळांत पोलादी भिंती, आणि त्यांवर नावं. सुमारे ५८ हजार. हुद्दा नाही, देश नाही, धर्म नाही, नुसतं नाव. काही नावांशेजारी कागदाची लाल पॉपीची फुलं खोचलेली.

मी ख्रिस्तोफर पँटनचं नाव शोधलं. मिळालं. मग मी पुढे चालत राहिलो, नुसता वाचत. थोड्या वेळाने लक्षात येतं की तेच तेच आडनाव ओळीने येतंय. स्मिथ, स्मिथ, स्मिथ. एकाच आडनावाचे इतके की भिंतीचा मोठा भाग भरून जातो. भाची मागे राहिली होती. वळून पाहिलं तर ती एका नावावर बोट टेकवून उभी होती. "कोण?" मी विचारलं. "कोणी नाही मामा," ती म्हणाली, "वाचलं म्हणून हात लावला." स्तंभाच्या फटीतून समोरच्या टेकडीवरचं कॅथीड्रल बरोबर दिसतं. ज्यांना ते पुन्हा दिसलं नाही त्यांची ही नावं.

या माणसांचं राष्ट्रीय स्मारक लंडनमध्ये ग्रीन पार्कच्या कोपऱ्यावर आहे. ते २०१२ मध्ये झालं. युद्ध संपून ६७ वर्षं झाल्यावर. स्पिटफायरच्या वैमानिकांची गाणी झाली, सिनेमे झाले. बॉम्बरवाल्यांबद्दल देश गप्प राहिला. त्या गप्प राहण्याचं कारण खाली होतं. जुलै १९४३ मध्ये हॅम्बर्गच्या आगीत ३५ हजारांहून अधिक माणसं मेली. फेब्रुवारी १९४५ मध्ये ड्रेस्डेनमध्ये २५ हजारांपर्यंत. त्यांत बायका, म्हातारे, पोरं. जर्मनीतली धरणं फोडणारी ६१७ स्क्वाड्रन लिंकनशायरच्या स्कॅम्पटनवरूनच मे १९४३ मध्ये उडाली होती. १९ विमानं गेली, ८ परतली नाहीत, ५३ जण मेले, आणि त्या शौर्याच्या कथा मी लहानपणी तोंडपाठ केल्या. धरणं फुटून आलेल्या पुरात बुडालेल्यांमध्ये पूर्व युरोपातून पकडून आणलेले शेकडो वेठबिगार कामगार होते, हे मला चाळिशीनंतर कळलं.

विमानांवर प्रेम करणाऱ्यांनी हा भाग टाळू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तो टाळला की वेड पोरकट राहतं. सैनिकाला शहराची निवड करता येत नव्हती हे खरं, आणि खाली जळलेल्या मुलाला तर काहीच निवडता येत नव्हतं हेही तितकंच खरं. ग्रीन पार्कच्या स्मारकावर १९३९ ते १९४५ च्या बॉम्बहल्ल्यांत मेलेल्या सर्व देशांच्या लोकांची आठवण कोरलेली आहे. ती ओळ कोरली नसती तर ते स्मारक मला अपुरं वाटलं असतं. आत सात ब्राँझचे पुतळे आहेत, मोहिमेवरून नुकतेच परतलेले, थकलेले, आणि वर छत. ते छत बेल्जियममध्ये पडलेल्या एका हॅलिफॅक्सच्या ॲल्युमिनियमपासून केलं आहे. मे १९४४ मध्ये पाडलेलं विमान, चिखलातून वर काढलेलं.

शेवटचा दिवस मी हेंडनसाठी राखून ठेवला होता. लंडनच्या उत्तरेला रॉयल एअर फोर्सचं संग्रहालय आहे. बॉम्बर विमानांच्या दालनात शिरलो आणि आधी भेटलं ते लिबरेटर. अमेरिकेत बांधलेलं, चार इंजिनांचं. ते भारताने दिलेलं आहे. युद्ध संपल्यावर कानपूरच्या चकेरी तळावर अशी कितीतरी लिबरेटर मोडून, निकामी करून टाकून दिली होती, कोणी पुन्हा वापरू नयेत म्हणून. १९४८ च्या सुमारास हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या लोकांनी त्या ढिगाऱ्यातून चाळीसेक विमानं जुळवली, चाचणी वैमानिक जमशेद मुन्शींनी ती एकेक करून बंगलोरला उडवत नेली, आणि आपल्या हवाई दलाने ती १९६८ पर्यंत वापरली. सहा नंबरची स्क्वाड्रन ती पुण्याहून उडवायची, अरबी समुद्रावर टेहळणीसाठी. १९७४ मध्ये त्यांतलं हे एक इंग्लंडला भेट दिलं. माझे वडील लोहगावला लिबरेटरच्याच इंजिनांवर काम करायचे. त्यांच्या अंगाला येणारा तेलाचा वास मला आठवतो. संग्रहालयातल्या विमानाला तो येत नाही, तरी मी इंजिनाखाली बराच वेळ उभा राहिलो. सुरक्षारक्षकाने दोनदा पाहिलं आणि मला राहू दिलं.

त्याच दालनात एक हॅलिफॅक्स आहे, क्रमांक डब्ल्यू १०४८. एप्रिल १९४२ मध्ये नॉर्वेच्या फ्योर्डमध्ये लपलेल्या तिर्पिट्झ या जर्मन युद्धनौकेवर हल्ला करताना त्याला गोळे लागले. वैमानिकाने ते गोठलेल्या हॉकलिंगन तळ्यावर उतरवलं. माणसं बाहेर पडली. घोटा मोडलेला फ्लाइट इंजिनियर पकडला गेला, बाकीचे चालत स्वीडनला निसटले. बर्फ वितळल्यावर विमान तळाशी गेलं. १९७३ मध्ये पाणबुड्यांनी ते वर काढलं. संग्रहालयाने ते रंगवलं नाही, सजवलं नाही. जसं तळ्यातून आलं तसं, गंजलेलं, फाटलेलं, ठेवलं आहे. मला सगळ्या दालनात ते सर्वात खरं वाटलं. नवा रंग दिलेलं विमान उडायला निघालेलं दिसतं. हे परत आलेलं दिसतं.

आणि त्याच्यापलीकडे आर ५८६८. मँचेस्टरला बांधलेलं लँकेस्टर, १९४२ मध्ये स्कॅम्पटनच्या ८३ स्क्वाड्रनकडे आलेलं, पुढे ऑस्ट्रेलियाच्या ४६७ स्क्वाड्रनकडे गेलेलं. लँकेस्टर सरासरी वीस-बावीस मोहिमांच्या पलीकडे टिकत नसत. याने १३७ केल्या. नाकावर प्रत्येक मोहिमेसाठी एक छोटा बॉम्ब रंगवलेला, ओळीवर ओळी. त्याखाली जर्मन हवाई दलाचा प्रमुख गोअरिंग याची बढाई लिहिलेली, की शत्रूचं एकही विमान जर्मनीवर येणार नाही. मे १९४५ मध्ये याच विमानाने सुटलेल्या युद्धकैद्यांना घरी आणलं. नंतर ते स्कॅम्पटनच्या दरवाजाशी दहा-अकरा वर्षं पावसात उभं होतं. ते तिथून हललं आणि काही काळाने त्या जागी उभं राहिलं ते ईस्ट कर्कबीचं 'जस्ट जेन'. ज्याच्या टेबलापाशी मी बसलो होतो ते.

ज्या प्रश्नासाठी मी आलो होतो त्याचं उत्तर याच विमानात होतं. शैलेंद्र एकनाथ सुकथनकर. नॅव्हिगेटर. बॉम्बर कमांडमध्ये हिंदी माणसं बोटांवर मोजण्याइतकी होती, त्यांतले हे. संग्रहालयाने त्यांची नोंद ठेवली आहे. एकूण ४५ मोहिमा, म्हणजे एक पाळी पुरी करून वर आणखी पंधरा, आणि त्यांतल्या १४ या विमानात.

ते आडनाव वाचून माझा गळा दाटून आला. इतकी वर्षं मी या विमानाची इंजिनं, पंख, वजनं वाचत होतो आणि त्याच्या पोटात आपल्याकडच्या माणसाने रेघा मारल्या होत्या हे मला माहीत नव्हतं. आपल्याकडे त्यांचं नाव किती जणांना ठाऊक आहे? आपण त्या युद्धाबद्दल घुटमळतो, कारण ते साम्राज्याचं युद्ध होतं. १९४२ मध्ये एकीकडे गवालिया टँकवर 'चले जाव' घुमत होतं आणि दुसरीकडे आपली पोरं त्याच साम्राज्याच्या गणवेशात लढत होती. माझ्या मते दोन्हींना आपल्या आठवणीत जागा असायला हवी. हिटलरशी लढणं चूक नव्हतं. आणि चौदा वेळा सात-सात माणसांना अंधारातून घरी आणणं हे कुठल्याही झेंड्याखाली मोठंच काम आहे.

लहानपणीची वही मी बरोबर नेली होती, ती कॅनबेरांची. शेवटच्या कोऱ्या पानावर विमानाचा क्रमांक लिहिला, आणि पुढे, पहिल्यांदाच, आत कोण होतं ते लिहिलं. एक नाव. उरलेली सहा प्रत्येक मोहिमेची शोधायची आहेत, कामाला लागलो आहे.

लंडनला कधी गेलात तर नॉर्दर्न लाइनने कॉलिंडेल स्टेशनवर उतरा. तिथून चालत पंधरा मिनिटं. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. आर ५८६८ च्या डाव्या बाजूला उभे राहा आणि वैमानिकाच्या काचेच्या किंचित मागे पाहा. तिथे सुकथनकरांचं टेबल होतं.